समोरच्या कड्यावरची बॅटरी

"ती बघा, परत लागली," हेरंब म्हणाला.

मी आधीच बघितली होती. दरीपलीकडच्या कड्यावर, जोडसुळक्याच्या जरा खाली, बारीकसा पांढरा उजेड लागला आणि लगेच विझला. सात-आठ मिनिटांपूर्वीही असाच लागला होता.

"काय कटकट आहे," मी म्हणालो. "ह्यांना पण आजचीच रात्र सापडली."

"कोण असेल?"

"मधवाले. दुसरं कोण मरायला जातंय तिथं अवसेच्या रात्री."

हे वाक्य माझं आहे. अकरा वर्षं झाली, पण त्या रात्री मी काय काय बोललो ते मला सगळं आठवतं, आणि एकही शब्द बदलून सांगायची सोय नाही, कारण हेरंबनंही तो ऐकलेला आहे.

मी तेव्हा संगमनेरला स्टुडिओ चालवायचो. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो. पोटापाण्याचं ते. जीव मात्र रात्रीच्या आकाशात अडकलेला. दोन्हींचं जमायचंही झकास, कारण अवसेला कुणी लग्न लावत नाही आणि तारे काढायला अवसच लागते. जानेवारीत नवं कॅलेंडर भिंतीला लागलं की मी आधी सगळ्या अवसा काळ्या पेनानं गोल करायचो. पौष-माघात कोकणचा किनारा, फाल्गुन-चैत्रात अकोले तालुक्यातले डोंगर, वैशाखाच्या शेवटी काजवे, मग पावसाचे चार महिने कॅमेऱ्याला कुलूप. दिवाळीची अवस म्हणजे लक्ष्मीपूजन, त्या दिवशीही मी डोंगरावर. बायको म्हणायची, तुमची लक्ष्मी काळी आहे. बोलणी खायची आणि बॅग उचलायची.

ती रात्र फाल्गुनातल्या अवसेची, म्हणजे पाडव्याच्या आदली. हेरंब पुण्याचा, कॉम्प्युटरमधला माणूस, तारे काढायला पहिल्यांदाच आलेला. आम्ही पठारावर कॅमेरा उत्तरेकडे तोंड करून लावला होता. समोर दरी, दरीपलीकडे कडा, कड्यावर दोन सुळके आणि बरोबर दोघांच्या मधे ध्रुव. अर्ध्या अर्ध्या मिनिटाचा एकेक फोटो, असे रात्रभर काढत राहायचे. घरी येऊन सगळे एकावर एक चढवले की ताऱ्यांच्या रेषा होतात आणि ध्रुवाभोवती गोल फिरतात. पण साडेसातशे फोटोंपैकी एका फोटोत जरी कुणाची बॅटरी आली, तरी तो ठिपका शेवटच्या चित्रात तसाच्या तसा उतरतो. म्हणून माझ्या पठारावर बॅटरी, मोबाईल, विडी, सगळ्याला बंदी होती.

"चिंधू तर नसेल ना?" हेरंबनं विचारलं.

"छे. चिंधूला मी शिकवलंय."

चिंधू गभाले हा आमचा वाटाड्या. पठाराच्या मागच्या अंगाला, पायथ्याशी त्याची वाडी. तिथून हा कडा दिसत नाही, मधे पठार आडवं येतं. सहा वर्षं मी त्याच्या घरी भाकरी खात होतो आणि तो मला वर सोडत होता. एरवी तो मध काढायचा. आग्या मोहोळ अंधाऱ्या रात्रीच काढतात, माशीला दिसत नाही म्हणून. शिवाय पोळं अवसेला भरलेलं असतं आणि पुनवेला माशी सगळं पिऊन टाकते, असं तिथली माणसं मानतात. चिंधू मला चिडवायचा, "भाऊ, आपली दोघांची अवस येकच. तुमी वर बघायचं, मी खाली लोंबकळायचं."

त्या संध्याकाळीही त्यानंच आम्हाला वर आणलं होतं. चहा झाला. निघताना तो म्हणाला, "रातच्याला भाकर घिऊन येऊ का?"

"नको बाबा. मागच्या खेपेला बॅटरी नाचवत आलास आणि माझे चाळीस फोटो बाद झाले."

"आता शिकलो ना. येकदा लावायची, वाट बघून घ्यायची, बंद करायची. लावून ठिवायची न्हाई."

"तरी नको. आज वर फिरकूच नकोस. उद्या पाडवा आहे, पहाटे आमचे आम्ही रस्त्याच्या बाजूनं उतरू."

"बरं. मंग माझी अवस मला मोकळी," असं म्हणून तो हसला आणि गेला.

हे मी ऐकलं. ऐकलं, पण कॅमेऱ्याची पातळी बघत ऐकलं.

उजेड दर सात-आठ मिनिटांनी लागतच राहिला. साडेअकरा वाजले. मग पावणेबारा. हेरंब अस्वस्थ झाला होता. नवा माणूस होता ना, त्याचं लक्ष आकाशापेक्षा त्या ठिपक्याकडेच.

"एकाच जागी लागतोय," तो म्हणाला. "मधवाले असते तर हलले असते. दोर असतो, धूर करतात, पलिते असतात म्हणाला होतात तुम्ही."

"अरे, दबा धरून बसले असतील."

"खाली जाऊन वाडीत सांगायचं का?"

"काय सांगायचं? की मधवाल्यांनी बॅटरी लावली, ह्यांना आवरा?"

"तसं नाही. कुणी अडकलं असेल तर."

"हेरंब," मी म्हणालो, "तासभराची उतरण आहे. तुला अंधारात वाट माहीत नाही. मी गेलो तर कॅमेरा कोण बघणार? त्याची बॅटरी बदलायची असते, लेन्सवर दव बसतं. वर्षात अशी रात्र एकदा मिळते. गप बस आणि वर बघ."

त्यानं मान वर केली. मी त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, आणि डोंगर माझा. त्यानं आणखी काय करायचं?

नंतर मी त्या उजेडाला शिव्याच घालत होतो. लागला की घड्याळ बघायचो, मनात म्हणायचो, हा एक फोटो गेला. मग सव्वादोनच्या पुढे तो लागलाच नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

"सुटलो," मी म्हणालो. "गेले एकदाचे."

साडेतीनला आम्ही सामान आवरलं आणि रस्त्याच्या बाजूनं उतरलो. वाडीत गेलो नाही. साडेसातला मी संगमनेरला माझ्या दारात गुढी उभी करत होतो. बायको म्हणाली, यंदा वेळेवर आलात. मी खुशीत होतो, रात्र चांगली झाली होती.

पुढचे दहा दिवस दुकान बंद झालं की मी ते फोटो साफ करत बसायचो. विमानं काढली, एक उपग्रह काढला, आणि मग कड्यावरचा तो ठिपका. ज्या ज्या फोटोत होता तो तो फोटो उघडायचा, ती जागा मोठी करायची, शेजारचा काळा खडक उचलायचा आणि त्याच्यावर लावायचा. एकतीस फोटो. हे काम मला फार चांगलं येतं. नवरीच्या गालावरची पुटकुळी आणि कड्यावरची बॅटरी, पुसायची रीत एकच. सगळं जोडलं तेव्हा ध्रुवाभोवती रेषा अशा गोल बसल्या होत्या की माझा मीच खुर्चीतून उठलो. पुण्यात एका प्रदर्शनात तो लागला. लोक विचारायचे, एवढा काळोख मिळाला कुठं? मी सांगायचो, आहे एक जागा.

एक मोठी प्रत फ्रेम करून घेतली, चिंधूसाठी. सहा वर्षांत त्याला काही दिलं नव्हतं. चैत्रातल्या अवसेला ती वर्तमानपत्रात गुंडाळून मी वाडीत गेलो.

ठकूबाई, चिंधूची बायको, ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं आणि मला तिचं कपाळ दिसलं. मला काही विचारावंच लागलं नाही.

"बसा भाऊ," ती म्हणाली. "तुमाला कळलं नसंल. पाडव्याच्या आदल्या राती."

माझ्या हातात फ्रेम होती. ती कुठं ठेवावी ते मला सुचेना.

"कुठं?"

"समोरच्या कड्याला. जोडसुळक्याच्या खाली. पोळं हेरून ठिवलं व्हतं. नुस्तं बघून येतो म्हनले, दोर बी न्हेला न्हाई. पाय सटाकला." ती तांदूळ निवडतच होती. "राती मी सगळ्या वाडीला म्हनलं, बघाया चला. मानसं म्हनली, मधाला गेलेला उजाडल्याबिगर येतो का? त्येंचं बी काय चुकलं. उजाडल्यावर गेली. दाक्तर म्हनला, पडल्या पडल्या गेला, तरास झाला नसंल."

मी मान हलवली.

"तुमी वर व्हता ना भाऊ, त्या राती?"

"होतो."

"तिथनं समोरच दिसतो ना कडा. काय दिसलं का?"

तिनं हात थांबवले होते आणि ती माझ्याकडं बघत होती. सरळ. मला वाटलं, आत्ता बोललो तर हिचं काय होईल. हिला डॉक्टरनं एक गोष्ट दिलीय, ती घेऊन ही जगतेय, आणि मी ती हिसकावून घेऊ? असं मला वाटलं, हे खोटं नाही. पण त्याच्याही आधी मला भीती वाटली होती. वाडीची, पोलिसांची, तिच्या तोंडातून काय निघेल त्याची.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "काहीच नाही."

मग तिनं सूप बाजूला ठेवलं.

"त्येंचा येखादा फोटू आसंल ना तुमच्याकडं? सा वर्सं येताय. आधारकार्डावरचा हाये, पन त्यात ते वळखू येत न्हाईत. भिंतीला लावाया काय न्हाई."

सहा वर्षं. हजारो फोटो. चिंधूचा एकही नाही. तो कॅमेऱ्यासमोरून जायला लागला की मी म्हणायचो, जरा बाजूला हो. तोही बाजूला व्हायचा, वाकून, हसत.

"नाही," मी दुसऱ्यांदा म्हणालो. हे मात्र खरं होतं.

"आन् हे काय आनलंय?"

मला ते परत न्यायचं होतं, पण तिनं कागद सोडवलासुद्धा. बराच वेळ बघितलं. "ह्यो तर आपला कडा," ती म्हणाली. "ठिवून जा."

त्या रात्री मी पठारावर गेलो नाही. घरी येऊन मूळचे, न पुसलेले फोटो काढले. प्रत्येक फोटोवर वेळ असते. पहिला उजेड दहा एक्केचाळीसला, शेवटचा दोन सतराला. एकतीस वेळा. शेवटचाही पहिल्यासारखाच लख्ख. दुसरा उजेड दिसल्याबरोबर मी उठलो असतो तर बाराच्या आत वाडीत पोचलो असतो, आणि दीड-पावणेदोनला माणसं खाली दोर सोडून उभी असती. मी हे सगळं कागदावर लिहिलं आणि कागद फाडून टाकला. फाडून उपयोग नव्हता, तोवर पाठ झालं होतं.

हेरंबला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी म्हटलं होतं, वाडीत सांगू." एवढंच. मी म्हणालो, हो, म्हटलं होतंस. त्यानंतर त्याचा फोन आला नाही आणि मीही केला नाही.

वर्षभर मी तिकडं फिरकलो नाही. कॅलेंडरवरच्या अवसा तशाच सरल्या. बायकोनं दिवाळीत विचारलं, यंदा काळी लक्ष्मी नाही का? मी म्हणालो, पाठ दुखते.

फाल्गुनात ठकूबाईचा फोन आला. "वर्सश्राद्ध हाये. या." मी बरं म्हणालो. माणसांत बसायला नको म्हणून मुद्दाम उशिरा निघालो. पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, सगळे जेवून पांगले होते. ती एकटीच भांडी आवरत होती.

आत भिंतीवर माझा फोटो लावला होता. त्याला झेंडूचा हार घातला होता. तारे गोल फिरत होते, खाली काळा कडा, आणि जोडसुळक्याच्या जरा खाली काचेवर गंधाचा एक ठिपका.

मी जवळ जाऊन बघितलं. बघायची गरज नव्हती. ती जागा मी एकतीस वेळा मोठी करून बघितली होती. ठिपका बरोबर तिथंच होता.

"तितं सापडले ते," ठकूबाई मागून म्हणाली. "मला नेऊन दावलं मानसांनी. त्येंचा फोटू न्हाई तर न्हाई, जागा तर हाये. रोज लावते."

तिनं फळीवरून एक स्टीलची बॅटरी काढली आणि माझ्यापुढं धरली.

"ही त्येंच्या हातात व्हती. सेल मीच घातलेले, त्याच दिशी, नवे. सापडली तवा बटन बंद व्हतं." तिनं बटण दाबलं. दिवसाढवळ्या भिंतीवर पांढरा गोल पडला. "असं दाबलं, तर लागली. आता नवे घालते मी, पन तवा त्याच सेलावर लागली."

तिनं बॅटरी बंद केली.

"अवसेच्या राती कड्यावर बॅटरी बंद ठिवून कोन चालतं का, भाऊ? आन् पडल्या पडल्या गेलेला मानूस बटन कसं बंद करंल?"

"वहिनी..."

"ह्ये मला पाडव्याच्या दिशीच समजलं. तुमाला इचारलं तवा बी ठावं व्हतं. तुमी वर हाये ह्ये त्येंना म्हाईत व्हतं. दुसरं कोन बघनार व्हतं तितं? तुमालाच लावून दावत व्हते. येकदा लावायची, बंद करायची. सेल वाचवले आसतील. न्हाईतर तुमचा फोटू."

"मला वाटलं मधवाले आहेत," मी म्हणालो. वर्षभर मनात घोळवलेलं सगळं गेलं आणि एवढंच तोंडातून आलं.

"मधवालेच व्हते," ती म्हणाली.

मी खाली बसलो. ती उभीच होती. आवाज चढला नव्हता, रडतही नव्हती. मला वाटलं, आता ही विचारेल, का आला नाहीत. पण तिनं ते विचारलं नाही.

"किती वाजेस्तवर लागत व्हती?"

"दोन सतरापर्यंत."

"पाठच हाये तुमाला."

"हो."

"त्येच्या म्होरं न्हाई?"

"नाही. साडेतीनपर्यंत आम्ही होतो. परत लागली नाही."

तिनं बॅटरी दोन्ही हातांत घट्ट धरली. ओठ हलत होते, काहीतरी मोजत होती. मग हळूच माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"मी पावनेतीनपत्तुर दारात बसले व्हते. मोबाईलात बघितलं, पावनेतीन. मंग तितंच चौकटीला टेकून डोळा लागला, तो ह्येंना आनलं तवाच उघाडला." तिनं चौकटीकडं बघितलं. "वरीसभर मला वाटत व्हतं, ते तिकडं बॅटरी लावत्यात आन् मी हितं झोपलेय. रोज राती वाटायचं. झोप आली का उठून बसायचे."

मी तिच्याकडं बघू शकलो नाही.

"म्हंजी जागी व्हते मी," ती म्हणाली.

"हो वहिनी. जाग्या होतात."

"येवढंच इचारलं व्हतं मी तवा."

तिनं पदरानं डोळे पुसले, बॅटरी फळीवर जागच्या जागी ठेवली आणि चुलीकडं गेली. भांड्यांचा आवाज आला. मी उठून चपला शोधायला लागलो.

"पान वाढलंय," ती आतून म्हणाली. "त्येंच्या नावाचं हाये, जेवून जा. आन् परत येऊ नका, भाऊ."

मी हात धुतले आणि पानावर बसलो. भात, आमटी, वडे, तांदळाची खीर. समोर भिंतीवर तो फोटो होता. मी मान खाली घालून जेवलो. तिनं खीर दुसऱ्यांदा वाढली तेव्हा मला नको म्हणवलं नाही.